काटेरी ताक

नोएडा, सेक्टर २२
रविवार, ४ डिसेंबर १९९४

ती. सौ. कुमुदिनीकाकूंना पुष्करचा साष्टांग दंडवत, कारण साध्या नमस्काराने तुमचा राग जाणार नाही.

पुण्याहून इथे येऊन सहा महिने झाले आणि मी लक्ष्मीबाई नगरला दोनदाच आलो, हा आरोप मान्य. पण काकू, दोन बस बदलून दीड तास लागतो. घरमालकाकडे फोन नाही. कारखान्यातला फोन मालकांच्या केबिनमध्ये कुलपात असतो. बूथवरून केला आणि तुम्ही बोलायला लागलात, की बूथवाला माझ्याकडे फार प्रेमाने बघू लागतो. म्हणून पत्र.

मी नक्की करतो काय, असं तुम्ही विचारलंत. आमचे मालक बत्रासाहेब म्हणतात की देश आता खुला झाला, कुणाला वेळ नाही, सगळं इन्स्टंट पाहिजे. म्हणून आम्ही झटपट मठ्ठा काढतोय. पुडी फोडा, पाण्यात घाला, ढवळा, प्या. एका उंच टाकीत वरून ताकाचा फवारा सोडायचा आणि त्यात गरम हवा भरायची. थेंब खाली पोचेपर्यंत वाळतो आणि त्याची पूड होते. अडचण एकच आहे. ही पूड पाण्यावर तरंगते, आणि ढवळली की आणखी तरंगते.

त्याचं कारण शोधायला मी ताकाचा एकच थेंब काचेच्या केसाएवढ्या धाग्याला टांगतो, त्याच्यावर हेअर ड्रायरने गरम हवा सोडतो आणि तो वाळताना भिंगातून बघत बसतो. ड्रायर करोल बागेतून आणला. दुकानदाराने विचारलं, ‘‘भाभीजी के लिए?’’ मी म्हटलं, ‘‘छाछ के लिए.’’ त्याने पैसे आधी मागितले.

बाबांना फक्त मी संशोधनात आहे एवढंच कळवा.

तुमचा,
पुष्कर

•

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
९ डिसेंबर

चि. पुष्करला आशीर्वाद. सोबत एक धपाटाही आहे, तो भेटीत देईन.

तुझं पत्र यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. तुझ्या काकांनी सरकारी ऑफिसात बत्तीस वर्षं फायली वाळताना बघितल्या, पण त्याला कुणी संशोधन म्हटलं नाही. एका थेंबाकडे आठ तास बघायला तुला चार वर्षं इंजिनिअरिंग शिकवलं होय? असो. निदान त्या थेंबाला बघायला कुणी आहे. तुला मुलगी बघायला जायचं म्हटलं की सवड नसते.

माझं ऐक. यंदा आपल्या मयुराची पहिली संक्रांत. सून दिल्लीत वाढलेली आणि नेहरू प्लेसला नोकरी करणारी, तेव्हा हलव्याचे दागिने म्हटल्यावर तिने शार्दूलला विचारलं, ‘‘मतलब, खायचे की घालायचे?’’ आमच्या चिरंजीवांनाही नीट सांगता येईना. म्हणून यंदा मी हट्टाने सगळं करणार आहे, मंगळसूत्र, तन्मणी, बाजूबंद, मुकुट, सगळं. पंधरा जानेवारीला हळदीकुंकू आहे आणि मंडळाच्या चाळीस बायका यायच्या आहेत.

पण हलव्याला खसखस एकसारखी लागते, आणि करोल बागेतून आणलेली लहानमोठी निघाली. नेहमी मी बसून निवडते, पण यंदा चष्म्याची दांडी तुटलीय. तुझ्या कारखान्यात चाळण्या असतील ना? अक्षर मोठं आलंय, ते पेन जाड आहे म्हणून.

तुझी काकू

•

नोएडा
१४ डिसेंबर

ती. काकू, नमस्कार, आणि धपाटा पोचला.

चाळण्या सतरा प्रकारच्या आहेत. काका येत्या रविवारी येणार आहेत, त्यांच्याबरोबर खसखस पाठवा. एकेक दाणा सैनिकासारखा एका मापाचा करून देतो.

आता एक गोष्ट फक्त तुम्हाला सांगतो. बत्रासाहेबांनी मला ३१ जानेवारीची मुदत दिलीय. तोवर पूड पाण्यात बुडून विरघळली नाही, तर ते एका परदेशी साहेबाला बोलावणार आणि मला गाझियाबादच्या गोदामावर विक्रीला धाडणार. मग बाबा म्हणतील, परत ये आणि माझ्या क्लासमध्ये नववीला रसायन शिकव. आणि मी जाईनही.

पण मला जायचं नाहीये. हे काम मला फार आवडतं. थेंब आधी बाहेरून वाळतो. दुधावर साय धरावी तशी त्याच्यावर साल धरते. आतलं पाणी कोंडून तापतं, त्याची वाफ होते आणि थेंब पुरीसारखा टम्म फुगतो. आत नुसती पोकळी राहते, म्हणून तो तरंगतो. एवढं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आणि त्या दिवशी मला जेवायची आठवण राहिली नाही. त्याला फुगू कसं द्यायचं नाही, हे मात्र कळत नाही.

पुष्कर

•

नोएडा
२५ डिसेंबर (काकांच्या हाती)

ती. काकू,

काकांना बस पकडायचीय, म्हणून थोडक्यात. सोबत दोन बाटल्या आहेत, दोन्ही कॉफीच्या, झाकणंही सारखी. सवयीने मी चिठ्ठ्याही कारखान्यातल्यासारख्याच लावल्या. नमुना १४ म्हणजे माझी ताकाची पूड. या वेळी थेंब मोठे केले, अगदी खसखशीएवढे, की वजनाने तरी बुडतील. तेही तरंगले. नमुना १५ म्हणजे काकांनी गेल्या रविवारी आणलेली तुमची खसखस, चाळून.

पूड पाण्यात घालून बघा आणि खरं काय ते कळवा, माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका. हे पत्र घरी गेल्याबरोबर तुम्हाला द्यायचं, असं काकांना दोनदा सांगितलंय. त्यांनी ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवून वरून थोपटलंसुद्धा.

पुष्कर

•

लक्ष्मीबाई नगर
३ जानेवारी १९९५

चि. पुष्करला आशीर्वाद.

बाटल्या मिळाल्या. सोबत चार ओळी लिहायला काय झालं होतं? कुठल्या बाटलीत काय, हे यांना विचारलं, तर म्हणाले, ‘‘तो काहीतरी सांगत होता, पण बस आली.’’ शेवटी मीच दोन्हीत बोटं घालून ओळखलं. एकीतले दाणे गोल, सुटे आणि हलके, ती खसखस. चाळल्यामुळे धूळ गेली, म्हणून इतकी हलकी लागली असणार. दुसरी जड, ती तुझी पूड.

काय सांगू तुला. शेगडीवर परात ठेवून पाक घालायला लागले आणि तिसऱ्या दिवशी काटा आला. तीस वर्षं हलवा करतेय, पण असा काटा आला नव्हता, हाताला टोचतो. तुझ्या चाळण्यांना दृष्ट काढून ठेव.

तुझी पूड पाण्यात घातली. बुडाली रे बाबा, सरळ तळाशी गेली. पण विरघळत नाही आणि चवही कसलीच नाही. यांनी तुझं मन राखायला पेलाभर घोटून प्यायली आणि दुपारी चारपर्यंत झोपले. फार गाढ झोप लागली म्हणाले.

काकू

•

नोएडा
८ जानेवारी

ती. काकू, तुमच्या चरणी लोटांगण.

तुमच्या पत्राचा शेवटचा परिच्छेद तीनदा वाचला, वरचं सावकाश वाचेन. बुडाली? खरंच तळाशी गेली? काकू, इथे तर तीच पूड अजूनही तरंगतेय. आधी वाटलं की तुमच्याकडच्या पाण्याचा गुण असेल. म्हणून कारखान्यातल्या एका दिल्लीकराकडून कॅनभर पाणी मागवलं, पण त्यातही तरंगली. मग डोक्यात प्रकाश पडला. तुम्ही ती आठवडाभर बाटलीत ठेवली असणार. म्हणजे पूड मुरायला हवी, लोणच्यासारखी. इतके दिवस माझ्यासारख्या कोकणस्थाला हे सुचू नये, याची लाज वाटते.

चाळीस किलो पूड डब्यांत भरून मुरत घातलीय. विरघळायचं नंतर बघू, बुडणं हे मुख्य. बत्रासाहेबांना सांगितलं, तर त्यांनी मला मिठीच मारली आणि तीस जानेवारीला अकरा मोठे व्यापारी बोलावले. म्हणाले, ‘‘पुष्कर, अब पीछे नहीं हटना.’’ मला हटायचंच नाहीये.

काकांच्या झोपेचं मात्र कुणाला सांगू नका.

पुष्कर

•

लक्ष्मीबाई नगर
१६ जानेवारी

पुष्कर, हे पत्र मी रागात लिहितेय. आशीर्वाद शेवटी बघू.

काल हळदीकुंकू झालं. मयुरा काळ्या साडीत, अंगभर पांढरेशुभ्र दागिने, इतकी गोड दिसत होती की मंडळाच्या सुमित्राबाईंनीसुद्धा नावं ठेवली नाहीत. मग मी हलवा वाटला. सुमित्राबाईंनी चिमूटभर तोंडात टाकला, चावला, आणि त्यांचा एक डोळा मिटला. म्हणाल्या, ‘‘कुमुदिनीताई, हलवा वेगळा झालाय.’’ मी खाल्ला. वरून साखर आणि आतून आंबट, खारट, वर जिऱ्याचा वास. चाळीस बायका माझ्याकडे बघतायत आणि तीळगूळ घ्या गोड बोला म्हणायचं धैर्य एकीलाही होत नाहीये.

एवढ्यात मयुराने बाजूबंदाचे दोन दाणे तोडून खाल्ले आणि म्हणाली, ‘‘आई, ये तो बिल्कुल चाट जैसा है, यार.’’ यार ती कुणाला म्हणाली हे मी विचारलं नाही. पण ती हसली, मग दिल्लीत वाढलेल्या सगळ्या सुना हसल्या आणि हलवा फस्त झाला. मुकुटसुद्धा उरला नाही. म्हणून अब्रू थोडक्यात वाचली.

सगळ्या गेल्यावर यांनी लग्नाकार्याचा कोट उतरवला, तर आतल्या खिशात तुझं पंचवीस डिसेंबरचं पत्र. म्हणजे मी पंधरा दिवस तुझ्या ताकावर पाक चढवत होते आणि तुझ्या काकांनी पेलाभर खसखस प्यायली. त्यांना काही खंत नाही. कवळीमुळे त्यांना हलवा चावत नाही, तेव्हा ते दरवर्षी पेल्यात घालून पितात. काल तसाच प्यायले आणि म्हणाले, ‘‘मठ्ठा झकास झालाय, जरा गोड आहे. अजून आहे का?’’

चाळीस किलो मुरत घातलेली पूड काढ बाबा. आशीर्वाद.

काकू

•

तार
नोएडा, २० जानेवारी

काकांच्या पेल्यातला हलवा बुडाला की तरंगला. ताबडतोब कळवा. पुष्कर.

•

लक्ष्मीबाई नगर
२० जानेवारी

अरे गाढवा, तार अशी पाठवतात का? दारात ‘तार’ ऐकून मी खालीच बसले. शेजारच्या इंदुमती पाणी घेऊन धावल्या, समोरचे मिश्राजी चप्पल न घालता आले. तार मिश्राजींनी वाचली आणि मग सगळे तुझ्या काकांकडे बघायला लागले. त्यांना स्वतः जिवंत आहोत हे सगळ्यांना सांगावं लागलं.

बुडाला. यांना विचारून लिहितेय. दाणे सरळ तळाशी गेले, चमचा दोनदा फिरवला आणि सगळं विरघळलं, एक गुठळी राहिली नाही.

आता तू विचारणारच, म्हणून कृती सांगते. पाक एकतारी. आच इतकी मंद की परातीला हात लावून बसता यावं. एका वेळी चमचाभरच पाक, दाण्यांना लागेल न लागेल इतकाच. मग हात थांबवायचा नाही. पहिला थर वाळल्याशिवाय दुसरा घालायचा नाही. घाई केली की गुळगुळीत गोळ्या होतात, पाक जास्त झाला की लाडू. दाणा बोटाला जरासा चिकटतो आणि लगेच सुटतो, त्या घटकेला काटा धरतो. ती घटका डोळ्यांनी दिसत नाही, बोटांनाच कळते.

यात इंजिनिअरिंग काही नाही.

काकू

•

नोएडा
२४ जानेवारी

ती. काकू, यात सगळं इंजिनिअरिंगच आहे.

मी इतके महिने थेंब एकदाच आणि तडकाफडकी वाळवत होतो. तो वाळला की काम संपलं, असं समजत होतो. तुम्ही वाळलेल्या दाण्यालाच पुन्हा जरासं ओलं करता, पुन्हा वाळवता, आणि तो काटेरी होतो. काट्यांच्या मधल्या फटींतून पाणी आत शिरतं आणि दाणा जड होऊन बुडतो. गुळगुळीत पोकळ गोळीत पाणी शिरायला जागाच नसते. काकू, मी आनंदाने खोलीत एकटाच हसलो.

परातीच्या जागी मी जाळी लावलीय. तिच्यावर पूड ठेवून खालून कोमट हवा सोडतो, ती पुडीला नाचवत ठेवते, म्हणजे तुमचा हात. वरून पातळ ताकाचा बारीक फवारा, म्हणजे तुमचा चमचा. पण काल पहिला घाणा लाडू झाला आणि आजचा गुळगुळीत. ती चिकटून सुटण्याची घटका माझ्या कुठल्याच यंत्राला कळत नाही.

व्यापारी सोमवारी येतायत आणि बत्रासाहेब आता मागे हटत नाहीत. शनिवारी सकाळी नऊ वाजता कंपनीची गाडी तुमच्या दारात येईल. तुमचे हात पाहिजेत. नाहीतर मी गाझियाबादहून पत्र लिहीन.

पुष्कर

•

नोएडा
३१ जानेवारी

ती. काकू,

काल तुम्हाला गाडीत बसवायच्या घाईत बरंच सांगायचं राहिलं. आज लिहितो.

शनिवारी तुम्ही यंत्राच्या खिडकीतून हात आत घातलात आणि डोळे मिटून ‘‘थांब, आता, थांब, आता’’ म्हणत राहिलात. आमचा मिस्त्री धोंडीराम आयुष्यात कुणाचं ऐकत नाही. तो तुमच्या शब्दाबरोबर कॉक फिरवत होता आणि मी घड्याळ लावून प्रत्येक ‘थांब’ आणि ‘आता’ लिहून घेत होतो. तेवढ्यावर रविवारी साठ किलो पूड निघाली, सगळी काटेरी.

तुम्ही गेल्यावर व्यापाऱ्यांनी विचारलं, ‘‘यह टेक्नोलॉजी कहाँ की है?’’ बत्रासाहेब काहीतरी परदेशी नाव जुळवत होते, तेवढ्यात मी म्हणालो, ‘‘लक्ष्मीबाई नगर की.’’ सगळ्यात म्हातारे व्यापारी म्हणाले, ‘‘वहाँ तो अफ़सर लोग रहते हैं,’’ आणि त्यांनी पहिली ऑर्डर दिली. गाझियाबाद रद्द झालं. परदेशी साहेबही रद्द.

पण काकू, एक गोष्ट विचारायचीय, हसू नका. बत्रासाहेबांनी पुडी फोडून पेल्यात ओतली, त्या घटकेला मी डोळे मिटून घेतले. इतके महिने वाट बघितली आणि ऐन वेळी धीर झाला नाही. उघडले तेव्हा सगळे पीत होते. तुम्ही तर पेल्यासमोरच पहिल्या खुर्चीवर होतात. ती बुडाली कशी, ते मला नीट सांगा. एकदम गेली की हळूहळू?

पुष्कर

•

लक्ष्मीबाई नगर
४ फेब्रुवारी

चि. पुष्करला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दाखवताना यांनी चष्मा दोनदा पुसला. लक्ष्मीबाई नगर म्हणालास ते ऐकून मी पदर डोळ्यांना लावला, हे मान्य करते. सुमित्राबाईंना मी ते वाक्य आत्तापर्यंत तीनदा सांगितलंय.

आता तुझ्या प्रश्नाचं. माझ्या चष्म्याची दांडी तुटलेली नाही, शाबूत आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दोन वर्षं झाली. ऑपरेशनला भ्याले, म्हणून कुणाला सांगितलं नाही, फक्त यांना माहीत. दिसत असतं तर तुझ्या पुडीला खसखस म्हटलं असतं का? मयुराच्या अंगावरचे दागिनेसुद्धा मला पांढरं धुकं दिसले. ती गोड दिसतेय आणि सुमित्राबाईंचा डोळा मिटला, हे यांनी कानात सांगितलं, तेच तुला लिहिलं.

सोमवारी मी पेल्यासमोर होते खरी, पण दिसलं काहीच नाही. ऐकलं मात्र सगळं. पुडी फाटली. चमचा काचेला तीनदा लागला. मग कुणी बोलेना. वाटलं, गेला पोरगा गाझियाबादला. तेवढ्यात बत्रासाहेब घटाघटा प्यायल्याचा आवाज आला आणि त्यांनी पेला टेबलावर आपटला. तेव्हा मला कळलं.

म्हणजे तू डोळे मिटलेस, मला दिसत नव्हतं, आणि यांनी तर आयुष्यभर पेला उचलून प्यायला, आत कधी बघितलं नाही; दाणे तळाशी गेल्याचंही चमच्याला लागलं म्हणून सांगितलं. आपल्या घरातल्या एकानेही ती पूड बुडताना बघितलेली नाही. हे काही मला बरं वाटेना. म्हणून काल जाऊन ऑपरेशनची तारीख घेतली, सतरा फेब्रुवारी.

पट्टी सुटेल त्या दिवशी एक पुडी आणि काचेचा पेला घेऊन ये. माझ्यासमोर बसून ओत. पण सांगून ठेवते, या वेळी डोळे मिटायचे नाहीत. मीही मिटणार नाही.

तुझी काकू